शेवटपर्यंत ऐकणारी माणसं

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावं छापलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, मी हर्णै बंदरावर मामाच्या बोटीचा हिशेब बघते. वय २६. सकाळ-संध्याकाळ लिलाव होतो तेव्हा वाळूवर उभं राहायचं आणि कुठली टोपली कितीला गेली, कुणी घेतली, रोख की उधार, एवढं वहीत टिपायचं, हे माझं काम. त्यात बोलावं लागत नाही म्हणून ते मला आवडतं. घरात मला लहानपणापासून ‘खालमुंडी पाताळधुंडी’ म्हणतात. आत्या तर चारचौघांत विचारते, “तोंडात मूग धरलेस काय गो?” लग्नकार्यात किंवा गणपतीत मुंबईची माणसं आली की मला काही सुचत नाही. कुणी काही विचारलं की मी नुसती हसते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र काय बोलायला हवं होतं ते शब्दन् शब्द आठवतं.

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहीत असते. एक व्यापारी भाव चढवायच्या आधी डावा कान चोळतो. एक खलाशी होडीतून उतरला की आधी आपल्या चपला शोधतो, मग घरचं कुणी आलंय का ते बघतो. नेपाळकडचे खलाशी आहेत, ते संध्याकाळी रेंज मिळते तिथे जाऊन घरी फोन करतात, तेव्हा समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. असलं काहीबाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तर मी रोज लिहिते. मैत्रीण म्हणते, तू माणसांना घाबरतेस म्हणून वहीत लपतेस. हे खरं आहे का? मला लिहावंसं का वाटतं? आणि ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांना यातलं काहीच माहीत नाही. ही चोरी होते का?

उत्तर : तुझ्या मैत्रिणीचं मला पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे माणूस निरखून बघत नाही, नजर चुकवतो. व्यापाऱ्याने एकदा कान चोळला तर त्याला खाज सुटली असेल. भाव चढवायच्या आधी दर वेळी चोळतो, हे कळायला कित्येक लिलाव त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि तेही टोपल्यांची नोंद न चुकवता. जिला माणसं नकोशी आहेत ती मुलगी एवढे कष्ट घेणार नाही. तुला माणसं फार हवी आहेत. तुझ्या पत्रात मला तरी हेच दिसलं.

घाबरट आणि अंतर्मुख हे आपल्याकडे एकाच माळेचे मणी समजतात. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख स्वभावांची मांडणी केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मनाचा ओढा होता. काहींचं मन बाहेरच्या घडामोडींकडे धावतं, काहींचं त्या घडामोडींचं आत जे उमटतं त्याकडे. दोन्ही थोडंफार प्रत्येकात असतं, कुणात एक जास्त तर कुणात दुसरं. भीती ही निराळी गोष्ट आहे. गणपतीत माजघरात सगळ्यांबरोबर बसावंसं वाटतं पण पाऊल उचलत नाही, छातीत धडधडतं, असं तुझं होत असेल तर ती भीती, आणि तिच्यावर वेगळा विचार करू. पण तू बसतेस, सगळं ऐकतेस आणि फक्त उत्तर वेळेवर सुचत नाही, असं असेल तर पुढचं वाच.

रात्री शब्द आठवतात, हे तुझ्या एकटीचं नाही. गप्पा मारताना एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा किती वेळाने सुरू करतो, हे जगातल्या दहा भाषांमध्ये मोजलं गेलं आहे. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हे अंतर साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढं निघालं. भाषेभाषेत थोडा फरक पडतो, पण फार नाही. आता दुसरीकडे असंही माहीत आहे, की समोर एखादं चित्र धरून ‘याला काय म्हणतात?’ असं विचारलं, तर तो एकच शब्द तोंडाबाहेर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. पुरं वाक्य जुळवायला त्याहून अधिक. मग गप्पांत एवढ्या झटकन उत्तर येतं कसं? समोरचा बोलत असतानाच ऐकणारा आपलं उत्तर जुळवायला लागलेला असतो, म्हणून.

संशोधन इथवर सांगतं. यापुढचं अनुमान माझं आहे, शाळेत मराठी शिकवता शिकवता केलेलं. काही माणसं समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असताना आपल्या उत्तराकडे वळत नाहीत. ती शेवटपर्यंत ऐकतात. बोलणाऱ्याचा आवाज कुठे बसला, हातातली सुपारी न कातरता त्याने तशीच का ठेवली, तिकडे त्यांचं लक्ष असतं. ती तोंड उघडतात तोवर तिसऱ्या कुणीतरी बोलायला सुरुवात केलेली असते. वर्गात अशी मुलं मला हमखास भेटायची. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे हात वर जायचे. तास संपून मी जिना उतरायला लागले की मागून एखादी यायची, “बाई, मघाच्या त्या प्रश्नाचं…” आणि तिचं उत्तर पुष्कळदा सगळ्यांहून खोल असायचं. वर्गाने ते ऐकलेलं नसायचं, याचं मला फार वाईट वाटे. पुढे मी प्रश्न विचारून झाला की मुलांना दोन ओळी वहीत लिहायला लावायला लागले आणि त्या वह्यांतूनच उत्तरं वाचून दाखवायची. आवाज कोणता मोठा याला मग महत्त्वच उरलं नाही.

लिहिताना मधे तिसरा कुणी बोलत नाही. रात्री अकराला सुचलेलं उत्तरसुद्धा वेळेवरच आलेलं असतं. शेवटपर्यंत ऐकणाऱ्याची जी वेळ गप्पांत निघून जाते, ती त्याला इथे परत मिळते. तुला लिहावंसं वाटण्याचं पहिलं कारण मला हे दिसतं.

दुसरं कारण सांगायचं तर मला माझ्या गावी जावं लागेल. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीतले बहुतेक पुरुष तेव्हा मुंबईला गिरण्यांत होते. गावात बायका, म्हातारी माणसं आणि आम्ही मुलं. लिहिता येणाऱ्या बायका थोड्या, म्हणून पत्र लिहायला शाळेतली मुलगी बोलवायची पद्धत होती. माझ्याहून सुरेख अक्षर असलेल्या मुली वाडीत होत्या, पण बोलावणं मला यायचं, कारण मी एका घरातलं दुसऱ्या घरात नेत नसे. गप्प मुलीची अशीही एक पत असते, हे आत्याला सांग.

निळं आंतर्देशीय पत्र. सुरुवात ‘इकडील सर्व क्षेम’ने. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून पत्ता जुन्या पत्रावरून उतरवायचा. मग लावणी उरकली, गाय व्याली, कौलं परतायला माणूस सांगितलाय. मधेच सांगणारी थांबायची. चुलीकडे बघत राहायची. मी पेन वर धरून वाट बघायची. त्या थांबण्यात काय आहे ते मला बरंचसं कळायचं, आणि ते लिहायचं नसतं हेही कळायचं.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि कोकणातल्या वाड्याच्या वाड्या त्यांच्या मनीऑर्डरींवर चालत होत्या. पोस्टमन यायचा आणि आमच्या वाडीवरून तसाच पुढे जायचा. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर शेजारच्या काकीने मला पत्राला बोलावलं. बसायला तिने तांदळाचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. मी बसले तर डबा वाजला. भरलेला डबा तसा वाजत नाही. काकी सांगत होती, “लिही, घरात तांदूळ आहे, पावसाची बेगमी झाली, आमची काळजी करू नका.” मी तेच लिहिलं. माझं काम तेवढंच होतं.

पण डब्याचा आवाज त्या पत्रात जाऊ शकत नव्हता आणि बाहेर कुणाला सांगितला असता तर काकीचा विश्वास मोडला असता. तो गेला माझ्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर. ‘आज डबा वाजला’ एवढंच मी तिथे लिहिलं. बघणाऱ्या माणसाजवळ असं पुष्कळ साठत जातं. ते बोलता येत नाही, कारण बोललं की त्याची चहाडी होते, नाहीतर चेष्टा. टाकूनही देववत नाही, कारण आपल्याखेरीज ते कुणी पाहिलेलं नसतं. काकीने नवऱ्याला काळजीत टाकायचं नाही म्हणून जे केलं, ते मी लिहिलं नाही तर जणू घडलंच नाही असं होईल, ही टोचणी मला तेव्हा शब्दांत सांगता आली नसती. पण ती होती. तुलाही ती आहे. खलाशाच्या चपला उगाच कुणी वहीत उतरवून ठेवत नाही.

मन मोकळं करायला माणूस लिहितो, असं सरसकट म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला खुपणाऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठताना ती मुलं जास्त उदास होती, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले आणि एकंदर गुण बेताचाच दिसला. तुझ्या बाबतीत मला हे कारण दुय्यम वाटतं. तू स्वतःच्या दुःखाबद्दल लिहीतच नाहीस. तुझ्या वहीत सगळं बंदर आहे, तू जवळजवळ नाहीस.

अक्षरओळख नसलेल्या बायकांनीही आपली सोय शोधली होती. पहाटे जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईसमोर कुणी माणूस नसतो. दिवसभर जिला घरात तोंड उघडायची मुभा नाही, ती तिथे सासर, माहेर, भाऊ, लेक, सगळ्यांबद्दल सांगते आणि जात्याच्या घरघरीत तिला मधे कुणी तोडत नाही. माझी आजी दिवसा मोजकं बोलायची. तिच्या ओव्या मात्र दळण सरलं तरी सरत नसत.

आपल्या किनाऱ्याला हा स्वभाव नवा नाही. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडचे केशवसुत, जन्म १८६६ चा, बुजरे आणि एकांतप्रिय होते. त्यांचं छायाचित्र आपल्याकडे नाही. हयातीत कवितांचं पुस्तकही निघालं नाही. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले तेव्हा कविता मासिकांच्या अंकांत विखुरलेल्या होत्या. ‘तुतारी’ याच माणसाने लिहिली. मालगुंडला त्यांचं स्मारक आहे, अजून गेली नसलीस तर बंदीच्या दिवसांत जाऊन ये. दुसरं नाव चिं. त्र्यं. खानोलकरांचं, म्हणजे आरती प्रभूंचं. १९३० साली वेंगुर्ले तालुक्यात जन्मलेले. कुडाळात ते खानावळ चालवत. खानावळीत माणसं येतात, जेवतात, भांडतात, उधारीसाठी अजिजी करतात. गल्ल्यावर बसलेला माणूस या सगळ्याच्या मधोमध असतो आणि त्याला फारसं बोलावं लागत नाही. लिलावातली तुझी जागा अशीच आहे. पोटासाठी धरलेली आहे म्हणून तिला कमी लेखू नकोस. लिहिणाऱ्याला याहून चांगली जागा मी तरी पाहिलेली नाही.

आता थोडं बाईंसारखं सांगते. खलाशाच्या चपलांचं तुझं वाक्य चांगलं आहे. त्याच्या पुढचं लिहायला घे, म्हणजे किती गोष्टी अजून पाहायच्या आहेत ते कळेल. तो चपला कुठे ठेवून जातो? उघड्या वाळूत, की कुणाच्या टपरीखाली? भरतीच्या वेळी त्यांचं काय होतं? कुणी हलवल्या असतील तर तो ओरडतो की मुकाट शोधतो? उद्या तू बंदरावर जाशील तेव्हा तुझी नजर आपोआप तिथे जाईल. लिहिण्यातला सगळ्यात मोठा आनंद मला हाच वाटतो, की काल लिहिलेल्या ओळीमुळे आज जास्त दिसतं. भाषा सजवण्याच्या मागे एवढ्यात लागू नकोस. लिलावातले शब्द कानावर येतात तसेच राहू देत, माशांची नावं, भाव, शिव्यासुद्धा.

एक धोका आहे. गप्प माणसाला स्वतःच्या नजरेचा फार भरवसा वाटायला लागतो. खलाशी घरच्यांआधी चपला बघतो, हे तू पाहिलंस. त्याला घरच्यांपेक्षा चपला प्यारी, असं लिहिलंस तर ते तू पाहिलेलं नाही. वाळू तापलेली असेल. मागे कधी चपला हरवल्या असतील आणि नव्या घ्यायला पैसे नसतील. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहीत जा. आणि कधीतरी त्यालाच विचार. एकच प्रश्न विचार आणि मग ऐक, ते तर तुला येतंच. नेपाळच्या मुलांना विचार, घरी पाऊस सुरू झाला का म्हणून. लांबून बघत राहिल्याने एका टप्प्यापर्यंतच पोचता येतं. त्याच्या पुढे जायला दोन शब्द खर्च करावेच लागतात, आणि ते तुला जमतील. पाहुण्यांच्या घोळक्यात बोलणं वेगळं आणि एका माणसाशी बोलणं वेगळं.

राहिलं चोरीचं. वहीत टिपून ठेवणं ही चोरी नाही. प्रश्न येतो छापायला देताना. बंदर लहान आहे. व्यापाऱ्याची खूण जशीच्या तशी छापली तर दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्याकडे बघून भाव ठरवतील आणि त्याच्या पोटावर पाय येईल. तुझ्या मूळ पत्रात कान नव्हता, हे तुला माहीत आहे. दुसरीच खूण होती. हे मासिक तुमच्या दापोलीकडेही जातं, म्हणून छापायच्या आधी मी ती बदलली. वाक्याचं त्याने काही बिघडलं नाही ना? असंच करायचं असतं. गरज पडली तर गाव बदल, मासळीऐवजी गुरांचा बाजार कर, पुरुषाची बाई कर. आणि कुणी विश्वासाने सांगितलं असेल तर विचारल्याशिवाय छापायचं नाही. इथे मी तडजोड करत नाही. काकीच्या डब्याची हकीकत मी इतकी वर्षं कुठेच छापली नव्हती. काकी आता नाही. तिच्या मुलीला विचारलं, तिने “लिहा” म्हटलं, तेव्हाच इथे लिहिली.

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात आंब्याची कलमं आहेत. मुलगा नववीत आहे. घरात, शाळेत फार बोलत नाही. पाहुणे आले की माडीवर जातो. वही घेऊन बागेत बसतो आणि काय लिहितो ते दाखवत नाही. तसा नजरेचा तिखट आहे. यंदा मोहरावर तुडतुडे आले ते त्याने माझ्याआधी पाहिले. पण न बोलणाऱ्याचं आजच्या जगात कसं होणार? सर म्हणतात, वक्तृत्व स्पर्धेत घाला. त्याला बोलका कसा करू?

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते. पण तुडतुड्यांचं वाक्य तुम्हीच लिहिलं आहे, ते पुन्हा वाचा. बागायतदाराच्या घरात एवढी नजर असलेला मुलगा असणं ही मोठी गोष्ट आहे.

वक्तृत्व स्पर्धेत त्याला ढकलू नका. त्याला स्वतःला जावंसं वाटलं तर जरूर जाऊ द्या. त्याऐवजी बागेची नोंदवही त्याच्या हातात द्या. कुठल्या कलमाला मोहर आधी फुटला, फवारणी कधी केली, अवेळी पाऊस कधी झाला, कुठल्या बाजूची फळं आधी तयार झाली. दोन हंगामांनंतर ती वही तुमच्याच उपयोगी पडेल. रात्री जेवताना त्या वहीतलं काहीतरी त्याला विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर तुम्ही किंवा त्याची आई त्याच्या वतीने बोलून टाकता का, एवढं बघा. गप्प मुलाच्या घरात हे फार होतं आणि मुलगा मग आणखी गप्प होत जातो. त्याची दुसरी, खासगी वही उघडू नका. तालुक्याच्या वाचनालयात त्याच्या नावाने वर्गणी भरा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. पाहुण्यांपुढे ‘हा आमचा मुका’ अशी ओळख करून देत असाल तर आजपासून बंद करा. मुलांच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. मुळात मितभाषी असलेलं मूल आणि अलीकडे गप्प झालेलं मूल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी मोकळा असलेला मुलगा एकाएकी तुटल्यासारखा झाला, जेवण-झोप बिघडली, आवडीची कामं आणि ती वहीसुद्धा त्याने टाकून दिली, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. शासनाची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आईवडिलांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.

प्रश्न : मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. मालवणला राहतो. लिहायची हौस आहे, सांगण्यासारखंही खूप आहे, पण मी पडलो गप्पिष्ट. लेखक म्हणजे अबोल, एकटा माणूस, असंच जिथेतिथे वाचतो. मी लिहू नये का?

उत्तर : काका, अवश्य लिहा. अबोल माणसाला लिहिण्याची ओढ का वाटते ते मी वर सांगितलं, पण लिहिणं काही त्यांच्यापुरतं राखून ठेवलेलं नाही. तुम्ही गाडीत उभं राहून हजारो माणसांशी बोललात, त्यांनी तुम्हाला उत्तरं दिली. गप्प बसणाऱ्याला जे कधीच ऐकायला मिळत नाही ते तुमच्याकडे आहे.

तुमची अडचण वेगळीच येईल. गप्पांत सांगून झालेली गोष्ट लिहायला बसलं की शिळी वाटते, आणि ऐकणाऱ्यांना हसवण्यासाठी तिच्यात जे भरत गेलो तेच खरं वाटायला लागतं. म्हणून सारखी सांगितलेली गोष्ट सध्या बाजूला ठेवा. कधीच कुणाला न सांगितलेली घ्या. हात चालत नसेल तर आधी मोबाइलवर एकट्याने बोलून ध्वनिमुद्रण करा, मग ऐकत ऐकत उतरवून काढा. मालवणीत आठवत असेल तर मालवणीतच लिहा, आम्ही तसंच छापू.

तुम्ही अनेक वर्षं फिरलेला एकच मार्ग निवडा आणि थांब्यांच्या क्रमाने जा. कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, त्याच्या हातात काय असायचं, सुटे पैसे कुठे ठेवायचं, कुठे बसायचं. टाइप करायची गरज नाही. पानाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहा आणि पहिली चार पानं झाली की पाठवून द्या.